मागच्या चाकावरचं वजन

४ जून, मंगळवार

पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज पुन्हा ऐकू आला. ढुप्, ढुप्, ढुप्, मध्येच एक लांब खोकला, मग पुन्हा ढुप्, ढुप्. मिशनच्या पाद्रीबाबांची मोटारसायकल. साठेक वर्षं होऊन गेली. शाळेचा डोंगर चढताना ती दमायची आणि आम्ही पोरं केळीच्या बागांतून तिच्यामागे धावत तिच्याच ठेक्यावर पाठ म्हणायचो. छंद मी पुस्तकातून शिकलो नाही, त्या इंजिनाकडून शिकलो. पुढे आयुष्यभर पोरांना कविता शिकवल्या, पण ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे सांगताना माझ्या कानात तोच चढ असायचा.

डोळे उघडले तर खिडकीबाहेर धुकं. शेजारी माझी बायको सुबिलागा गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोपलेली नव्हती. तिची झोप मला पाठीवरून ओळखता येते.

काल तिला खाली तुकुयूच्या हॉस्पिटलात नेऊन आणलं. पोटातल्या गाठीवरचं औषध नळीतून देतात. आमच्या इगोम्बेपर्यंत बस येत नाही. यंदाच्या पावसाने तर रस्त्यातली माती सगळी धुऊन नेली आणि नुसते दगडांचे दात ठेवले. मग भाड्याच्या बोडाबोडा मोटारसायकलवर मध्ये तिला आणि मागे मला बसवून ती पोरं नेतात, आणतात. काल उतरल्यावर ती अंगणातल्या केळीला धरून बराच वेळ उभी राहिली. काय होतंय विचारलं, तर म्हणाली, "काही नाही मास्तर. रस्ता. रस्त्याने हाडं खिळखिळी केली."

लिहायला लाज वाटते, पण ऐकून मला बरं वाटलं. गाठीपुढे माझं काय चालणार? रस्त्याचं मात्र काहीतरी करता येईल.

डॉक्टर म्हणाले, आता शरीराला विश्रांती देऊ, २४ जुलैला घेऊन या, मग बघू. 'मग बघू' हे शब्द किती आशेचे आहेत.

६ जून, गुरुवार

चहाच्या मळ्याच्या वळणावर ग्वाकिसाची शेड आहे. ग्वाकिसा माझाच विद्यार्थी. चौथीत असताना कवितेचं तिसरं कडवं त्याला कधी पाठ झालं नाही. दुसऱ्यावरून तो सरळ चौथ्यावर उडी मारायचा. आता आमच्या डोंगरावरच्या सगळ्या मोटारसायकली त्याच्या हाताखालून जातात आणि त्याचा त्याला भारी गर्व आहे. शेडच्या दारावर त्याने रंगवून घेतलंय: 'इथे बैल बनतात'.

मी म्हटलं, मला सुबिलागासाठी एक गाडी हवी आहे. बाजारातली नको, बांधून हवी. मागे रुंद सीट, पाठीला टेकण, आणि रस्ता अंगाला लागता कामा नये. त्याच्याकडे एका चिनी गाडीचा सांगाडा पडून होता, इंजिन दुसऱ्या अपघातातल्या गाडीचं. म्हणाला, सांगाडा लांब करू, मागचं चाक धरणारा चिमटा हातभर वाढवू, सीट सोफ्यासारखी करू. "आईला राणीसारखी नेऊ, मास्तर. पण एक अट. मला मध्ये मध्ये शुद्धलेखन सांगायचं नाही."

परत येताना पावलं हलकी होती. काहीतरी बांधायला घेतलं की माणूस तरुण होतो.

१४ जून, शुक्रवार

गाडी उभी राहिली. दिसायला देखणी आहे हे मान्य. निळा रंग, मागे गवताने भरलेली गादी, तिच्यावर सुबिलागाच्याच जुन्या किटेंगेचं, कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचं, फुलाफुलांचं कापड.

मागच्या चाकाला दोन शॉकअप असतात, हे मलाही ठाऊक आहे. ग्वाकिसाने चार बसवलेत. प्रत्येक बाजूला जोडी. आमच्याकडे सगळे असंच करतात. केळीचे घड, कोळशाची पोती, सिमेंट, कधी अख्खी बकरी, ओझं वाढलं की एक शॉकअप वाढवायचा. त्याने सीटवर स्वतः उभं राहून उड्या मारून दाखवल्या. गाडी तसूभर दबली नाही. शेजारचे दोघं टाळ्या वाजवायला लागले. "हा चार पायांचा बैल आहे," तो म्हणाला, "याला काही होणार नाही."

मलाही ते पटलं. मजबूत म्हणजे चांगलं.

ओढ्यावरच्या पुलापर्यंत नेऊन आणायचं ठरलं. सुबिलागा मागे, मी पायी. वळणापलीकडे पोहोचलो तर गाडी आडवी लावलेली आणि ती रस्त्याच्या कडेला गवतात बसलेली, किटेंगेचं टोक तोंडाशी. ग्वाकिसा हातात टोपी घेऊन उभा. ती मला म्हणाली, "गाडीला काही झालं नाही ना? मग झालं तर."

चालत परत आलो. वाटेत तीनदा बसलो.

१५ जून, शनिवार

ग्वाकिसाशी भांडलो. त्याचं म्हणणं, रस्ता वाईट तर गाडी कडक हवी, कडक नसली तर दगडावर आपटते. मी म्हटलं, गाडी आपटू दे, बाई आपटायला नको. तो म्हणाला, मऊ गाड्या पाद्र्यांच्या आणि आमदारांच्या असतात, इथे डोंगरावर कोण मऊ गाडी चालवतो, माझी शेड बदनाम होईल. मी त्याला विचारलं की तुझ्या सीटवर केळीचे घड बसतात तेव्हा ते कधी ओरडतात का. यावर तो पान्हे गोळा करायला लागला.

ओळीत यती नसेल तर कविता नुसती धावत सुटते आणि ऐकणाऱ्याला धाप लागते. स्प्रिंग म्हणजे यतीच. धक्का आला की तो आपल्यात थोडा वेळ ठेवून घ्यायचा, मग सावकाश सोडायचा. मी हे त्याला समजावलं. तो म्हणाला, "मास्तर, तिसरं कडवं आलं का हे?"

२२ जून, शनिवार

चारातले दोन काढले. उरलेलेही काढून म्बेयाच्या जुन्या बाजारातून स्कूटरचे आणले. ते आखूड, म्हणून खाली पट्ट्या वेल्ड केल्या. शिवाय त्यांचा खालचा पाय चाकापासून बराच पुढे सरकवला. ग्वाकिसाने ते मला एका काठीने दाखवलं: टेकू हाताजवळ असला की टोक किती सहज खाली जातं.

आता गाडी मऊ झाली, पण अशी मऊ की एक खड्डा गेला तरी पुढे दहा पावलं ती होडीसारखी डोलतच राहते. जुन्या शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं. सुबिलागाने अंगणातच एक फेरी मारली आणि हसून म्हणाली, लेकाने मला सरोवरात नेलं वाटतं. मग आत जाऊन ओकली. सकाळपासून पोटात चमचाभर पेजेपलीकडे काही नव्हतं, तरी.

ग्वाकिसाने दोन्ही खोलून घट्ट तेल भरलं. हाताने दाबून सोडलं की दांडा आता सावकाश वर येतो, जणू विचार करून. बराच वेळ मी तेच करत बसलो. दाबायचं, सोडायचं.

३० जून, रविवार

दार-एस-सलामहून तुम्पालेचा फोन. आमची मुलगी, बँकेत आहे. ती सारखं एकच विचारते: आई किती खाते, रात्री झोपते का, डोळे पिवळे दिसतात का. मी तिला गाडीचं सांगितलं. चिमटा किती वाढवला, तेल कुठलं घातलं. ती मध्येच म्हणाली, "बाबा, मी आईबद्दल विचारतेय." मी म्हटलं, अगं, आईबद्दलच सांगतोय.

फोन सुबिलागाला दिला. ती पाठ करून बोलत होती. 'नको येऊस' एवढं ऐकू आलं, आणि मग 'त्यांना नको सांगूस'. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी असणार. मायलेकींचं कधीपासून असं गुपचूप चालतं.

५ जुलै, शुक्रवार

आज खरा दिवस. गाडी नीट बसली.

झालं असं की दर वेळी सुबिलागाला बसवून बघायचं म्हणजे तिला त्रास. तेव्हा मीच युक्ती काढली. गेल्या वर्षी कॉफीचा हंगाम संपल्यावर सोसायटीच्या काट्यावर सगळ्यांनी गंमत म्हणून आपापलं वजन केलं होतं. बायका एकमेकींना ढकलून काट्यात बसवत होत्या. सुबिलागा बरोबर एक पोतं भरली. काटेवाल्याने पावती फाडून दिली, 'पहिल्या प्रतीची'. महिनाभर गाव तिला 'एक पोतं' म्हणत होतं आणि ती चिडायचं सोंग करायची.

मग आज मक्याचं एक पोतं शिगोशीग भरून मागच्या सीटवर बांधलं. चौकटीवर आणि मडगार्डवर ग्वाकिसाने खडूने रेघा मारल्या. गाडी चार बोटं खाली बसली, तो म्हणतो तेवढंच बसायला हवं, कमी नाही, जास्त नाही. पोत्यावर मी मातीचं मडकं ठेवलं, पाण्याने अर्धं भरलेलं, आणि त्याने गाडी ओढ्याच्या दगडांवरून नेऊन आणली. मडकं जागेवर. पाणी थोडं सांडलं, तेही त्याच्या ब्रेकमुळे.

ग्वाकिसा दारावरची पाटी बघत म्हणाला की आता ती बदलावी लागेल. मी सुचवलं, 'इथे गाई बनतात'. तो म्हणाला, धंदा बसेल.

सुबिलागा खिडकीतून बघत होती. पोत्याकडे बघत होती.

११ जुलै, गुरुवार

मन फार बिघडलेलं आहे, तरी क्रमाने लिहितो.

सकाळी सुबिलागा तयार झाली. डोक्याला नवा रुमाल बांधला. सीट थोडी उंच आहे म्हणून मी तिला कमरेला धरून वर उचललं, आणि ती सहज वर आली. मलाच नवल वाटलं. माझ्या दंडात अजून बळ आहे म्हणायचं.

ग्वाकिसाने वाकून खडूच्या रेघा बघितल्या. पुन्हा बघितल्या. गाडी जेमतेम एक बोट बसली होती. मग पुलापर्यंत हळू नेली. परत आली तेव्हा सुबिलागाचे ओठ राखेसारखे झाले होते. प्रत्येक दगड कळला, म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण पहिल्यापेक्षा बरंय."

तिला आत निजवून मी बाहेर आलो आणि ग्वाकिसावर तुटून पडलो. तू स्प्रिंग बदलल्यास. मऊ दाखवल्यास आणि कडक बसवल्यास. चौथीत फसवायचास तसाच अजून फसवतोस. त्याने सगळं ऐकून घेतलं. एरवी तो एकाला दोन ऐकवतो. मग म्हणाला, मास्तर, ते पोतं आणा.

पोतं बांधलं. चार बोटं. तीच गाडी, त्याच स्प्रिंग.

मग त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि डब्याने मका काढून चटईवर ओतायला लागला. एक डबा काढून रेघ बघायची, दुसरा काढून रेघ बघायची. मला वाटलं आता थांबेल. कोंबड्या जमल्या, मी त्यांना हाकलत होतो. तो थांबेना. चटईवर ढीग वाढत गेला आणि पोतं सीटवर उभं राहीना, आपल्यातच मुडपून कलंडायला लागलं. त्याने ते दोरीने आवळलं, अजून थोडा मका काढला. रेघ एका बोटावर आली तेव्हा तो थांबला. ते पोतं त्याने एका हाताने उचलून खाली ठेवलं.

तो त्या पोत्याकडे बघत राहिला. माझ्याकडे बघेना.

मला कारण कळलं, ते मी त्याला सांगितलं. सुबिलागा घाबरते. घाबरून पायाच्या दांड्यांवर जोर देऊन अर्धवट उभी राहते, सीटवर पुरता भार टाकत नाही. मका घाबरत नाही. फरक पडणारच.

तो म्हणाला, "हो मास्तर. तसंच असेल."

"मग त्याप्रमाणे कर."

"करतो," म्हणाला. "जेवढं आहे तेवढ्याचं करतो."

चटईवरचा मका अजून तसाच आहे. उचलावासा वाटला नाही.

१२ जुलै, शुक्रवार

धुकं. सुबिलागा झोपून. काही लिहिण्यासारखं नाही.

तिची कर्णफुलं टेबलावर काढून ठेवलेली दिसली. कानाला जड होतात म्हणाली.

१६ जुलै, मंगळवार

ग्वाकिसाने कुठूनशी मोपेडचे शॉकअप आणले. पेन्सिलीएवढ्या जाडीची तार, मला तर खेळण्यातले वाटले. तेही त्याने भट्टीत तापवून, ताणून आणखी नरम केले. म्हणाला, आता या सीटवर आईशिवाय कुणी बसायचं नाही, मोठं माणूस बसलं की मडगार्ड चाकावर घासणार. पैसे घेईना. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, चौथीची फी समजा.

दोन दिवस शेडमध्ये दुसरं काम घेतलं नाही त्याने. बोडाबोडावाली पोरं बाहेर ताटकळत बसलेली, त्याला शिव्या देत. त्यातल्या एकाने मला बघून टोमणा मारला की मास्तर, तुमच्या पाळण्याचं झालं की आमच्या बैलांकडे बघा म्हणावं. ग्वाकिसा पान्हा घेऊन त्याच्या अंगावर धावला. एवढं चिडण्यासारखं त्यात काय होतं?

१७ जुलै, बुधवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा, पण पेन साधंच आहे.

दुपारी धुकं फाटलं. सुबिलागा आपण होऊन म्हणाली, चला, तुमची गाडी बघू. खाली नको पण. वर चला, कड्यावर.

मी आधी निघालो, आडवाटेने. ती दोघं मागून आली. मी वाटेवर उभा राहून बघितलं: चाक दगडावर चढायचं, खाली जायचं, पुन्हा चढायचं, आणि वर सीट मात्र स्थिर, जणू सुबिलागाला कुणी ओंजळीत धरून नेतंय. तिचा रुमालसुद्धा हलत नव्हता. ग्वाकिसा इतकी हळू चालवत होता की दोन वासरं त्याच्या पुढे गेली.

कड्यावर गवतात बसलो. खाली चहाचे मळे, त्याच्या खाली केळी, आणि पार टोकाला न्यासा सरोवराची एक चमकती पट्टी. ग्वाकिसा मुद्दाम लांब जाऊन बसला. मी तिला दुसरीतली कविता म्हणून दाखवली:

हळू चाल रे वाटे, पाय माझे लहान,
डोंगर चढून गेलो की दिसेल सगळं रान.

ती म्हणाली, "तुमच्या कवितांमधली वाट सारखी चढतेच. उतरायची एखादी येत नाही का?"

मी बरंच आठवून बघितलं. खरंच, एकही आठवली नाही. पाठ्यपुस्तकवाल्यांचं हे चुकलंच म्हणायचं.

मी विचारलं, मागचं चाक कळलं का? नाही कळलं, म्हणाली, अजिबात नाही. माझा हात घेऊन तिने आपल्या मांडीवर ठेवला. "आता बास, मास्तर. आता मला कुठं जायचं नाही."

यापेक्षा मोठी शाबासकी कुठल्या गाडीला मिळाली असेल? येत्या बुधवारी २४ तारीख. रस्ता आम्ही जिंकला.

२१ जुलै, रविवार

चर्चला मी एकटाच गेलो. सगळे तिची चौकशी करत होते आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत होते. मी गाडीचं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, देव तुमच्या हातांना आशीर्वाद देवो. हात ग्वाकिसाचे, आशीर्वाद मला.

सुबिलागा आता फक्त पेज घेते, तीही दोन घोट. प्रवासाआधी पोट हलकं ठेवलेलं चांगलं.

मध्ये मध्ये कण्हते. मी जवळ गेलो की थांबते.

२३ जुलै, मंगळवार

उद्याची तयारी झाली. हॉस्पिटलचे कागद, जाड शाल, बाटलीत आल्याचा चहा, वाटेत लागली तर उशी. ग्वाकिसाला उजाडताच यायला सांगितलं आहे. मी बोडाबोडाने मागून येईन.

संध्याकाळी तो गाडी पुसायला आला तेव्हा सुबिलागाने त्याला आत बोलावलं आणि मला म्हणाली, मास्तर, मळ्यातून एक अवाकाडो आणता का, चांगला पिकलेला बघून. इतक्या दिवसांनी तिने खायला काहीतरी मागितलं म्हणून मी जवळजवळ धावतच गेलो. परत आलो तर ग्वाकिसा तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसलेला, टोपी काढून, मान खाली. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि तो शाळेत असल्यासारखा मान हलवत होता. मला बघून उठला आणि बाहेर पडला. डोळे लाल. दिवसभर वेल्डिंग करतो, चष्मा लावत नाही, मी कितीदा सांगितलं.

काय सांगत होतीस, विचारलं. म्हणाली, "उद्या हळू चालव म्हटलं. आणि काय सांगणार?"

अवाकाडो तिने हातात धरला, वास घेतला आणि मला खायला दिला.

२४ जुलै, बुधवार

दुपार. ती झोपली आहे. खरी झोप, तोंड माझ्याकडे करून. म्हणून लिहायला बसलो.

सकाळी उजाडायच्या आत मी तयार होतो. सूट घातला, टाय बांधला; डॉक्टरांना दिसायला हवं की हे शिकलेलं घर आहे. सुबिलागाला उठवायला गेलो तर म्हणाली, थोडं थांबा, ग्वाकिसाला येऊ दे. उजाडलं. तो आला नाही. सूर्य केळीच्या वर आला, तरी नाही. मी फाटकापर्यंत जाऊन जाऊन परत येत होतो आणि तोंडाने त्याला नावं ठेवत होतो. त्याच्या शेडला कुलूप, गाडी नाही. शेजारणीने सांगितलं, तो तर अंधारातच खाली गेला, एकटा. माझं डोकंच फिरलं. आजच्या दिवशी. चोवीस तारीख गेली तर परत कधी बोलावतील? घरात येऊन मी सुबिलागाला सांगितलं की दुसरी गाडी बघतो, कुठलीही, चार शॉकअपवाली तर चार शॉकअपवाली, पण जायचंच.

"बसा, मास्तर," ती म्हणाली. "बूट काढा."

मी बूट काढले नाहीत. पण बसलो.

दारावर थाप पडली तेव्हा मी ग्वाकिसाला सुनवायची वाक्यं जुळवूनच उठलो होतो. दार उघडलं. ग्वाकिसा मागे होता, अंगणात, गाडीला धरून. उंबऱ्यावर एक अनोळखी बाई उभी होती. पन्नाशीची, चांगली भरल्या अंगाची, नर्सचा पांढरा कोट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, खांद्याला कातडी पेटी. तिला धाप लागली होती. आधी तिने वडीलधाऱ्यांना करतात तसा वाकून नमस्कार केला. म्हणाली, मी लुगानो, खालच्या हॉस्पिटलातली सिस्टर. ज्यांना खाली येववत नाही त्यांच्या घरी जाते, दुखणं शमवायचं औषध घेऊन. आज पहाटेच या पोराने दार ठोठावलं, आईंचा निरोप आहे म्हणाला. निरोप असा की आता मी येणार नाही, पण दुखतं फार, आणि मास्तरांना ते कळू न देणं आता जमत नाही.

मी दारातच उभा. टाय बांधलेला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, प्रवास कसा झाला, गाडी मऊ आहे ना. सिस्टर कंबर चोळत हसली. म्हणाली, कसली मऊ, सगळ्या डोंगरभर मडगार्ड चाकावर घासत आलं, अर्धी वाट मी चाललेच. मग मागे वळून त्या निळ्या गाडीकडे, फुलाफुलांच्या सीटकडे बघत तिने सहज विचारलं, "ही कुणासाठी बांधलीय, मास्तर? लहान मुलासाठी?"

ग्वाकिसाने मान दुसरीकडे वळवली.

मी दारातून बाजूला झालो आणि तिला आत घेतलं.